मदत हवी आहे : उघड्यावरच्या महोत्सवात चित्रं विकण्याबद्दल

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, जलरंगात काम करते. गोदाघाट, जुने वाडे असे विषय. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात किंवा जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रं विकलेल्या कोणी मार्गदर्शन करेल का?

आमच्याकडच्या छोट्या प्रदर्शनांत मांडून झालंय. गर्दी भरपूर, चित्रासमोर उभं राहून सेल्फी, मग "हे काढायला किती वेळ लागला?" आणि मंडळी पुढे. विकले जातात ते बुकमार्क आणि पोस्टकार्डं. मूळ चित्राशेजारी त्याचीच प्रिंट ठेवली की मूळ चित्र कोणी विचारत नाही, असं मला वाटू लागलंय. तुमचा अनुभव काय? दोन्ही वेगळ्या टेबलांवर ठेवता का? किंमत चिकटवता की विचारल्यावर सांगता? घासाघीस तर होतेच, मग आधीच थोडी वाढवून लावायची का? (मला ते जमत नाही, पण जमवीन.)

दुसरं, ऊन. अलिझरीन क्रिमसनसारखे रंग उन्हात उडतात, म्हणून ते टाळते; पण कागदाचं काय? काचेची फ्रेम जड, त्यात चकाकी, वाऱ्यात पडायची भीती. अ‍ॅक्रिलिक शीट लावणाऱ्यांनी सांगावं, ओरखडे फार पडतात का?

आणि हो, महोत्सवाचे नऊ दिवस मुंबईत राहण्याचा खर्च, स्टॉलचं भाडं धरून हातात काही उरतं का? आकडे नको असतील तर नुसतं हो-नाही सांगितलंत तरी चालेल.