ख्रिस्ती मराठीतली 'साक्ष' : साक्ष देणं, साक्ष जाणं, साक्षीचं जीवन

शब्दवेडी
नमस्कार मंडळी, एक शब्द डोक्यात अडकून बसलाय. ऑफिसात आमचे एक सीनियर आहेत, मूळ नगरचे, ख्रिश्चन. परवा टूरच्या बिलांवरून विषय निघाला. सगळेच जेवणाची बिलं थोडी फुगवून लावतात, टॅक्सीवाला तर कोरी पावतीच हातात देतो, पण हे म्हणाले "नको रे बाबा, माझी साक्ष जाईल." मला आधी वाटलं कुठल्या केसमध्ये साक्षीदार आहेत की काय, मग कळलं की त्यांच्याकडे हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. तर साक्ष जाईल म्हणजे नेमकं काय जाईल? अब्रू, पत की पुण्य? डिक्शनरीत पुरावा, ग्वाही एवढंच सापडलं. कुणी घरात हा शब्द ऐकलेला असेल तर सांगा प्लीज.

नगरकर
ताई, तुमचे सीनियर अगदी आमच्या घरातलंच बोलले बघा. आमच्याकडं लहानपणापासून हा शब्द कानावर आहे आणि तो दोन अंगांनी येतो. एक म्हणजे 'साक्ष देणं'. कुणाच्या घरी कॉटेज प्रार्थना असली की गाणी होतात, प्रार्थना होते, मग पाळकसाहेब विचारतात कुणाला साक्ष द्यायचीय का. मग एखादी मावशी पदर सावरत उठते आणि सांगते की ऑपरेशन पार पडलं, किंवा मुलाची दारू सुटली, देवानं असं असं केलं. मग बायबलमधलं वचन वाचतात आणि शेवटी चहा. ही झाली बोलायची साक्ष.

दुसरी असते ती आपण देत नाही, ती आपल्याबद्दल दुसऱ्याच्या तोंडी असते. "त्याची साक्ष चांगली आहे", "त्यानं साक्ष घालवली" हे त्यातलं. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये, आम्ही चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतो) पंच निवडायचे असले की जुनी माणसं हमखास विचारायची "साक्ष कशी आहे त्याची?" आणि उत्तरात तो प्रार्थना किती लांब करतो हे कधीच नसायचं. उधारी फेडतो का, बायकोशी कसा बोलतो, भावकीत बांधावरून कोर्टात गेलाय का, हेच सगळं. बायबलमध्ये तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हीच अट आहे की मंडळीचं काम बघणाऱ्याबद्दल बाहेरच्या लोकांनी चांगलं बोललं पाहिजे. बाहेरच्या, हे महत्त्वाचं. आतले तर बोलतातच, पण किराणावाला काय म्हणतो, घरमालक काय म्हणतो, शेतावर येणाऱ्या बाया काय म्हणतात ते खरं.

फोर्टातला वकील
मस्त विषय. साक्षिन् मध्ये 'अक्षि' आहे म्हणजे डोळा, स्वतःच्या डोळ्यानं बघितलेला तो साक्षी. म्हणून कोर्टात ऐकीव गोष्टीला सहसा किंमत नसते. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स अ‍ॅक्ट जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते तत्त्व तसंच आहे. मराठीत इतर ठिकाणीही शब्द जिवंत आहे, मन साक्ष देत नाही, अग्नीच्या साक्षीनं लग्न, पंचांच्या साक्षीनं वाटणी.

पण मला एक फरक जाणवतो. वेदांतातला 'साक्षी' नुसता बघतो, गुंतत नाही, साक्षीभाव म्हणजे अलिप्तपणा असं आपण म्हणतो. तुमच्या सीनियरांची साक्ष नेमकी उलट दिसते. ते अलिप्त राहिले असते तर त्यांना बिलाचं काय पडलं होतं? इथं बघणारा स्वतःच पुराव्याचा कागद झालाय.

नगरकर
वकीलसाहेब, हे आवडलं. आणि ताई, तुमच्या अब्रू की पत या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. अब्रू घराण्याची असते, पत व्यवहारातली असते आणि पैसे चुकते केले की परत येते. पण "माझी साक्ष" म्हणतो ना आम्ही, त्यातला 'माझी' फसवा आहे, साक्ष असते ख्रिस्ताबद्दलची, माझी फक्त ती द्यायची जबाबदारी. म्हणजे मी रविवारी पहिल्या बाकावर बसून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेतो आणि सोमवारी खोटं बिल लावतो, तर ऑफिसातला पोरगा मला लबाड म्हणेल ते म्हणेलच, पण तो असंही म्हणेल की यांच्या देवाला हे चालतं वाटतं. ते जे जातं ते 'साक्ष जाणं'.

नगरला हा शब्द नुसता पुस्तकी कधीच नव्हता. आमच्या नगरला राहिलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) १८९५ चा मुंबईतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाचेक वर्षांनी. मधल्या काळात त्या बाईंनी काय सोसलं ते त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना माहीत आहे. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की बाप्तिस्म्याच्या आधी त्यांच्या मनातला जातीचा, सोवळ्याओवळ्याचा पीळ सुटला. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला, अन्न खायला त्या तयार झाल्या, विधी नंतर झाला. आजूबाजूच्यांना प्रवचन ऐकायची गरजच पडली नसेल, त्यांनी तांब्या कुणाच्या हातातला आहे ते बघितलं असेल.

वसईची पोर
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे उभं राहून साक्ष द्यायची पद्धत तेवढी नाही, रिट्रीटला (प्रार्थनेच्या शिबिराला) वगैरे ऐकायला मिळते. माझी आजी आयुष्यात कधी चार लोकांसमोर बोलली नाही. पण राखेचा बुधवार आला की ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मटण-चिकन बंद, आणि वाचलेले पैसे बोर्नव्हिटाच्या डब्यात पडायचे, झाकणाला मधे चीर पाडलेली. ईस्टरच्या आधी तो डबा कुणाच्या घरी रिकामा व्हायचा ते आम्हा पोरांना सांगायची नाही, आम्ही विचारलं की "गप बसा" एवढंच. हिला साक्ष म्हणायचं की नाही मला माहीत नाही, शब्द कुणी वापरला नाही, पण गोष्ट तीच ना?

आणि एक भर घालते. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. अशांना मराठी ख्रिस्ती पुस्तकांत 'रक्तसाक्षी' म्हणतात. ग्रीकमध्ये साक्षीदाराला 'मार्तुस' म्हणतात, इंग्रजीतला 'मार्टर' तिथूनच आला. म्हणजे मूळात साक्षीदार आणि हुतात्मा असे दोन वेगळे शब्द नव्हतेच, बोललेल्या शब्दाची किंमत मोजायची वेळ आली आणि त्यांनी ती मोजली. आपल्याकडे दोन शब्द झाल्यामुळे उगाच असं वाटतं की एक थोरामोठ्यांचं काम आणि दुसरं किरकोळ.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव इथं यायलाच हवं. लोकांना ते उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून किंवा त्यांच्या 'सुबोध बायबल' या पुस्तकामुळे माहीत. पण वसईत विचाराल तर शेतकरी माणूस 'हरित वसई' चळवळीचं नाव घेईल. पाण्यासाठी, जमिनीसाठी, बिल्डर आणि गुंडगिरीच्या विरोधात एक धर्मगुरू रस्त्यावर उतरला आणि त्याच्याबरोबर हिंदू, मुसलमान, चर्चची पायरी कधी न चढलेली माणसंही चालली. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा दुःख फक्त कॅथलिक घरांत नव्हतं. नगरकर म्हणतात ती 'बाहेरच्यांची साक्ष' ती हीच असं मला वाटतं.

सहज एक शंका
वाचतोय, छान चाललंय. पण राग मानू नका, हे शेवटी आपलं 'लोक काय म्हणतील'च नाही का? किराणावाला काय म्हणतो, शेजारी काय म्हणतो... आमच्याकडे याच वाक्यानं निम्म्या घरांचं वाटोळं केलंय.

नगरकर
राग कसला, ही शंका बायबलमध्येच आहे आणि तीही एकाच प्रवचनात. डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं बघावीत. पान उलटलं की सहाव्यात सांगतो, दान करताना उजव्या हातानं काय केलं ते डाव्याला कळू देऊ नको. दोन्ही एकदम कसं करायचं? मी यावर खूप विचार केलाय आणि मला असं दिसतं की पाचव्यातल्या वाक्याचं शेपूट आपण विसरतो, लोकांनी बघावं आणि *स्वर्गातल्या पित्याचा* गौरव करावा, तुमचा नाही. 'लोक काय म्हणतील'मध्ये माणूस स्वतःला जपतो, साक्षीत स्वतःचं नुकसान करून घ्यायची तयारी लागते. वसईच्या ताईंच्या आजींचा डबा बघा ना, पैसे कुठं गेले ते घरातल्या नातवंडांनाही माहीत नाही, पण डबा मात्र सगळ्यांना दिसत होता.

नुकसानीची खरी परीक्षा भांडणात होते. त्याच पाचव्या अध्यायात आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आमचे एक म्हातारे पाळक प्रभुभोजनाच्या आधी हे वाचून थांबायचे, चांगले थांबायचे, आणि लोक खरंच बाकावरून उठून मागं जायचे. चुलत्यापुतण्यांना रडताना बघितलंय मी तिथं.

जालनेकर
मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते कारण 'सहज एक शंका' यांनी विचारलं ते मला फार लागलं. भाऊ तुम्ही बरोबर आहात आणि नगरकर काका तुम्हीही बरोबर आहात, पण या शब्दानं बायकांची तोंडं बंद केलेली मी जवळून बघितलीत. एक बाई, नवरा मंडळीत पुढं पुढं करणारा, तबला वाजवणारा, सणाला चर्चमध्ये आलेल्या अर्पणाच्या लिलावात सगळ्यात चढी बोली लावून भोपळा घेणारा, आणि घरी आला की मारणारा. तिनं कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "पोलिसात जाऊ नको बाई, आपली साक्ष जाईल, बाहेरचे हसतील, प्रार्थना कर." प्रार्थना तर ती करतच होती. गुडघे दुखेपर्यंत करत होती. साक्ष, प्रीती, क्षमा हे सगळे शब्द तिला एकटीलाच लागू होते आणि त्याला एकही नाही, असं कसं? बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं 'प्रीती सहनशील आहे' हे तिला पाठ करायला लावलं आणि त्याच अध्यायात पुढं प्रीती अन्यायात आनंद मानत नाही हेही आहे, ते कुणी म्हणून दाखवलं नाही.

मला तर असं वाटतं की दहा आज्ञांमध्ये 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' आहे ना, ती इथं मोडते. ते घर चांगलं आहे असं सगळ्यांनी मिळून दाखवणं हीच खोटी साक्ष. साक्ष तिनं तोंड उघडल्यानं जात नाही, त्यानं हात उगारला तेव्हाच गेलेली असते.

नगरकर
ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. शेवटचं वाक्य मी उद्या आमच्या पाळकसाहेबांना जसंच्या तसं दाखवणार आहे.

वसईची पोर
+१. आणि हे फक्त तुमच्याकडे नाही, आमच्याकडेही "घरातलं घरात" चालतं. त्या बाईंचं आता कसं आहे?

जालनेकर
माहेरी आहे, शिवणकाम करते, रविवारी चर्चला येते आणि मागं बसते. तो अजून पुढं बसतो.

शब्दवेडी
मी एका शब्दाचा अर्थ विचारायला आले आणि हे सगळं वाचून गप्प झाले. जालनेकर ताई, मनापासून धन्यवाद. एकच विचारायचं राहिलं, नोंदीसाठी. 'साक्ष' स्त्रीलिंगीच ना? आणि अनेकवचन?

नगरकर
हो, ती साक्ष, अनेकवचन साक्षी, "आज तीन साक्षी झाल्या" असं म्हणतो आम्ही सभेनंतर. देणारा साक्षीदार. क्रियापदं बघाल तर देणं, असणं, राखणं, बिघडणं, घालवणं, जाणं. 'मिळवणं' मात्र मी कधी ऐकलं नाही. बायबलच्या जुन्या करारात दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांना 'साक्षपट' म्हटलंय, त्या ज्या पेटीत होत्या तो साक्षपटाचा कोश, तो शब्दही लिहून घ्या.

फोर्टातला वकील
जालनेकर ताई, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याला खबर द्यायला ती बाई स्वतःच जायला हवी असं नाही. असं काही घडतंय असं ज्याला सकारण वाटतं तो कुणीही खबर देऊ शकतो, शेजारी, मैत्रीण, तुमचे पाळकसाहेबसुद्धा. आणि प्रामाणिक हेतूनं दिली असेल तर खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ती माहेरी गेली असली तरी दाद मागता येते.

जालनेकर
हे इथं कुणालाच माहीत नाही वकीलसाहेब. कलम नंबर द्या, महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवते.

फोर्टातला वकील
कलम ४.