फेडोरात बाहेरच्या रेपो: कुणाला आत घ्यायचं आणि कितपत?

प्रश्न (लॅब_अ‍ॅडमिन): लॅबमध्ये फेडोरा वर्कस्टेशन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. पहिल्या सेटअपला थर्ड पार्टी रेपो (फेडोराबाहेरच्यांनी चालवलेले पॅकेजचे साठे) चालू केल्या की क्रोम, स्टीम, एनव्हिडियाचा ड्रायव्हर, पायचार्म आणि फ्लॅटहब (अ‍ॅपचं भांडार) मिळतात. मग आख्खं आरपीएम फ्यूजन (फेडोरा देत नाही अशा पॅकेजांचा बाहेरचा साठा) का मिळत नाही? ते वेगळं घातलं तर अपडेटला काय अडतं? लॅबसाठी नियम काय ठेवावा?

पॅकेजर_पुणे: बाहेरच्या रेपोंबद्दलच्या फेडोराच्या धोरणातल्या दोन अटी महत्त्वाच्या. बाहेरच्या रेपोने फेडोराचं पॅकेज बदलायचं नाही, आणि वापरणाऱ्याने होकार दिल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. आरपीएम फ्यूजनचं पूर्ण एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ हाताळणारं पॅकेज) तर फेडोराच्या एफएफएमपेग-फ्रीला (त्याचीच काही कोडेक गाळलेली आवृत्ती) हटवूनच बसतं. वर कोडेकच्या (ऑडिओ-व्हिडिओ उलगडण्याच्या पद्धती) पेटंटचा प्रश्न आहेच. म्हणून त्यातल्या एनव्हिडिया आणि स्टीम या दोनच छोट्या रेपो घेतल्या. फ्लॅटहबसुद्धा फेडोरा ३५ मध्ये गाळणी लावून आलं होतं, निवडक अ‍ॅपच दिसायची. ३८ मध्ये गाळणी काढली.

कर्नल_काका: अपडेट अडतं ते बहुधा मेसापाशी (ग्राफिक्सचे ड्रायव्हर). व्हिडिओ डीकोडिंगसाठी आरपीएम फ्यूजनमधून घातलेलं मेसाचं फ्रीवर्ल्ड पॅकेज ठरावीक मेसा आवृत्तीला बांधलेलं असतं. फेडोरात नवी मेसा आली आणि आरपीएम फ्यूजनचं बिल्ड मागे राहिलं, की डीएनएफ (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) तक्रार करतो. तेव्हा घाईने 'अलाउ इरेजिंग' (आड येणारी पॅकेजं काढायची परवानगी) देऊ नका. फ्रीवर्ल्ड उडेल, हार्डवेअर डीकोडिंग बंद पडेल आणि कारण शोधत बसाल. बिल्ड येईपर्यंत थांबा.

पॅकेजर_पुणे: नियमाचं सांगतो. बरेच जण प्रायॉरिटीवर (रेपोला दिलेला अग्रक्रमाचा आकडा) विसंबतात. मूळ आकडा ९९, लहान आकडा वरचढ. बाहेरच्या रेपोला १२० दिलात तर त्याच नावाचं पॅकेज फेडोराकडूनच येईल, बाहेरचं नवं असलं तरी. पण हे नाव तेच असेल तरच. एफएफएमपेग आणि एफएफएमपेग-फ्री ही नावं वेगळी, तिथे प्रायॉरिटीचा उपयोग नाही. माझं ठाम मत: रेपोच्या फाइलीत 'इन्क्लूडपीकेजीएस' लिहा आणि हवी तेवढीच पॅकेजं आत घ्या. त्याच रेपोतली डिपेंडन्सी (त्या पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) यादीत घालायची राहून गेली तर इन्स्टॉल अडेल, ती जोडा.

'जीपीजीचेक' (पॅकेजवरची डिजिटल सही तपासणं) चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये 'साइन्ड-बाय'ने सही तपासायची किल्ली एकाच रेपोला बांधता येते. इथे ती आरपीएमच्या सामायिक डेटाबेसात जाते, म्हणजे सगळ्याच रेपोंसाठी चालते. शिवाय पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालते, म्हणजे रेपो चालवणाऱ्यावर तुम्ही पूर्ण मशीनचा भरवसा टाकता.

लॅब_अ‍ॅडमिन: आणि रेपो काढताना?

कर्नल_काका: नुसती बंद केली तर तिची पॅकेजं मशीनवर राहतात आणि सुरक्षा अपडेट थांबतात. बंद केल्यावर 'डीएनएफ लिस्ट'ला 'एक्स्ट्राज' जोडून चालवा, कुठल्याच चालू रेपोत नसलेली पॅकेजं दिसतील, ती काढा. मग 'डिस्ट्रो-सिंक', म्हणजे त्याच नावाची पॅकेजं फेडोराच्या आवृत्तीवर येतील. एफएफएमपेग मात्र 'स्वॅप'नेच (एक पॅकेज काढून जागी दुसरं बसवणं) परत फिरवा. शेवटी आरपीएममधून त्या रेपोची किल्लीही काढा.