दोन माणसं गेली तरी शर्यत चालूच ठेवली. बरोबर की चूक?

ओलीतवाला, पवनी तालुका

या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी रात्रीची आहे. लाइन बाराला येते. तोवर धुऱ्यावर शेकोटी पेटवायची आणि मोबाइल बघत बसायचं. तीन रात्री झाल्या, मी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट शर्यतीतल्या नावांचे ठिपके नकाशावर बघतो आहे. हसायचं त्यांनी हसून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दरवर्षी २६ डिसेंबरला तिकडच्या दुपारी एकला, म्हणजे आपल्या सकाळी साडेसातला, सिडनीच्या बंदरात तोफ उडते आणि शिडाच्या नावा सुटतात. टास्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंत ६२८ सागरी मैल, आपल्या हिशेबाने साडेअकराशे किलोमीटरच्या वर. १९४५ ला नऊ नावांनी सुरुवात झाली, यंदा २०२४ ला १०४ सुटल्या. सगळ्यात मोठ्या नावा दीड-दोन दिवसांत पोचतात, लहान्यांना चार-पाच लागतात. आधी पोचला त्याचा मान वेगळा. खरा करंडक मात्र नावेच्या आकारमानाप्रमाणे वेळेला गुणक लावून ठरतो, त्यामुळे लहान नावही जिंकू शकते.

यंदा पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या नावांवर दोन माणसं गेली. मुख्य शिडाच्या बुडाला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वारा उलट्या बाजूने भरला की तो दांडा आणि त्याला ओढून धरणारे दोर डोळ्याचं पातं लवायच्या आत या बाजूचे त्या बाजूला जातात. मधे डोकं आलं की संपलं. तिसऱ्या एका नावेवरचा माणूस पाण्यात फेकला गेला, किलोमीटरभर वाहत गेला आणि तरी जिवंत सापडला.

आयोजकांनी शर्यत थांबवली नाही. त्यावरून बरीच बोंब झाली. माझं मत, ते बरोबर वागले. आपल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, झेंडा खाली केला की जोड्या उभ्या राहतात. समुद्रात रात्री दोन वाजता कोणी ‘थांबा’ म्हटलं तर नाव उभी कुठे करणार? मागचं बंदर पुढच्यापेक्षा लांब असेल, आणि परत फिरायचं तर लाटा कुशीवर घ्याव्या लागतील. ज्याला फिरायचं तो फिरतोच, दरवर्षी कितीतरी फिरतात. पुढे जायचं की नाही ही जबाबदारी त्या नावेची, असं नियमातच लिहिलेलं आहे.

पटाचा शौकीन, धामणगावकडचा

वा रे भाऊ! आमचा शंकरपट २०१४ ला बंद केला तवा हे शहाणपण कुठं गेलं होतं? साडेसात वर्षं बैल पळायच्या दानीवर गवत वाढलं. डिसेंबर २०२१ ला परवानगी भेटली, अन् मे २०२३ ला घटनापीठानं कायद्यावर शिक्का मारला. तोवर जोड्या हाकणाऱ्या किती धुरकऱ्यांनी त्या इकून टाकल्या, हिशेब नाही. अन् तिकडं माणसं मरतात तरी तोफ उडते, वरून टीवीवर दाखवतात. गरिबाचा खेळ म्हणजे क्रूरता, श्रीमंताचा खेळ म्हणजे साहस. मले तं यात एवढंच दिसते.

ओलीतवाला

काकाजी, बैलाला कोणी विचारत नाही. त्या नावेवरचा माणूस सही करून चढतो.

पटाचा शौकीन

सही त्यानं केली, हेलिकॉप्टरच्या पायलटनं केली होती का? हे पाण्यात पडले की त्यानं वादळात जायचं. अन् डिझेल कोणाच्या पैशाचं?

वैनगंगाकाठची

काकाजींशी पटाबद्दल माझं पटत नाही, पण हा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायका बुडाल्या. सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंज गावाजवळ वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जण गेले. त्या नावांना कोणी तोफ उडवली नव्हती. मी स्वतः लग्नाआधी चार हंगाम डोंग्यातून मजुरीला गेले आहे. पहाटे धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. डोंग्यात टिनाचा डबा असतो, पाणी उपसायला. बायका ओचा खोचून, डबे मांडीत धरून बसतात. नाववाला एवढंच म्हणतो, ‘हलू नका जी.’ आमची सुरक्षा ती एवढीच.

तुम्ही शेकोटीजवळ बसून ज्या नावा बघता, त्या प्रत्येकीचा ठिपका मोबाइलवर दिसतो. कुठे आहे, कोणत्या वेगाने चालली, सगळं. आमचा डोंगा सुटला हे पलीकडच्या मिरचीवाल्याला पण माहीत नसतं. मग मला त्या शर्यतीचं कौतुक कशाला वाटावं?

जहाजावरचा वऱ्हाडी

दारव्हा तालुक्यातला, बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये. त्या भागातून तीनदा गेलो आहे म्हणून लिहितो.

ओलीतवाले भाऊ, तुमचं अर्धं बरोबर. मध्ये थांबवणं सोपं नाही हे खरं. पण मुळात नावा सोडायच्या की नाही, हा प्रश्न तुम्ही टाळला.

सिडनी सोडलं की पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह तुम्हाला दक्षिणेकडे ओढत नेतो, फुकटचा वेग मिळतो. मग दक्षिणेचा वारा उठतो, नेमका त्या प्रवाहाच्या तोंडावर. वैनगंगेत पूर असताना समोरून वारा सुटला की पाणी कसं उभं राहतं ते ताईंनी पाहिलं असेल. तेच, पण घराएवढं. त्यापुढे ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाच्या मधली बास सामुद्रधुनी. ती उथळ आहे, सरासरी साठेक मीटर. खोल समुद्रातली लांब लाट तिथे आली की आखडते आणि कड्यासारखी कोसळते. मोठ्या जहाजात आमची ताटं उडायची. तिथे ही चाळीस फुटी नाव.

१९९८ ला ११५ नावा सुटल्या, ४४ पोचल्या. पाच बुडाल्या, ५५ जणांना वाचवलं, सहा गेले. त्यातली विन्स्टन चर्चिल नावाची नाव १९४५ च्या पहिल्या नऊंपैकी होती. वादळाचा मोठा इशारा नावा सुटल्यावर तासाभराने आला. तेव्हाही शर्यत चालूच राहिली. पुढे मृत्यूंची चौकशी झाली, आणि चौकशी अधिकाऱ्याने शर्यतीच्या समितीने जबाबदारी टाकून दिली असं स्पष्ट लिहिलं. ‘निर्णय नावेचा’ हे वाक्य तेव्हाही होतं, भाऊ. त्याने समिती सुटली नाही.

दुसरी गोष्ट निघाली ती मला फार महत्त्वाची वाटते. भाकितात पन्नास नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा म्हटलं की बरेच जण पन्नासच धरून चालले. तो आकडा सरासरीचा असतो, झोत चाळीस टक्के जास्त, म्हणजे सत्तरचा येऊ शकतो. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वाढलेल्यांना हे नीट माहीत नव्हतं.

त्यानंतर नियम बदलले. आता ग्रीन केपपाशी, सामुद्रधुनीत शिरण्याआधी, प्रत्येक नावेला रेडिओवर सांगावं लागतं की माणसं आणि नाव दोन्ही पुढे जायच्या लायक आहेत. अठराच्या खालचा कोणी चालत नाही. निम्म्या खलाशांनी तरी जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं लागतं.

आणि काकाजी, हेलिकॉप्टरबद्दल. संकटातल्या माणसाला उचलायचं, हा समुद्राचा कायदा आहे. तो हौशी की मजूर हे विचारायचं नसतं. २०१८ ला आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला अडकले. डोलकाठी मोडलेली, पाठीला जबर मार. त्यांना फ्रान्सच्या मासेमारी गस्तीच्या जहाजाने उचललं. तेव्हा ‘कोणाच्या पैशाने’ असं आपल्याकडे कोणी विचारलं नाही. आपण पेढे वाटले.

पटाचा शौकीन

म्या नाही वाटले.

ओलीतवाला

जहाजवाले दादा, १९९८ चा मुद्दा मान्य. सोडण्याचा निर्णय समितीचा, तिथे ती हात झटकू शकत नाही. पण यंदाची दोन्ही माणसं गेली ती बूम आणि दोराने. तसं तर शांत दिवशीही होऊ शकतं. बाकीच्या शंभर नावांना मधूनच घरी पाठवून ती दोघं परत आली नसती. यावर मी ठाम आहे.

ताई, तुम्हाला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. मघापासून तीनदा लिहून खोडलं. आमच्या घाटावरही दोन डोंगे चालतात, आणि मी तीन रात्री तिकडचे ठिपके मोजतो आहे, हे खरं आहे.

वैनगंगाकाठची

मी टोमणा मारला नाही हो. ठिपके बघा की. मला त्या ग्रीन केपच्या नियमाचं नवल वाटलं. कोणीतरी विचारतं, ‘तुम्ही ठीक आहात का, पुढे जाता का?’ आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जहाजवाले दादा, आमच्या डोंग्यासाठी लाइफ जॅकेट घ्यायचं तर कोणतं बघून घ्यायचं? लुगड्यावर बसेल असं पाहिजे.

जहाजावरचा वऱ्हाडी

फोमचं घ्या, हवा भरायचं नको. मागे मानेला आधार देणारी कॉलर बघा, म्हणजे शुद्ध गेली तरी तोंड वर राहतं. खालून जांघेतून येणारा पट्टा असतो, तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून निघून जातं. लुगड्यावर तोच पट्टा अडचणीचा होणार. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि डोंग्यात घडी करून बुडाखाली ठेवायचं नाही, अंगात घालून बसायचं. आमच्या जहाजावरही लोक उशीसारखं वापरायचे.

ओलीतवाला

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत घाटासाठी बारा जॅकेटांचा विषय टाकतो. अर्ज उद्या लिहितो.

पटाचा शौकीन

आमच्याही गावचा लिहून पाठव, सह्या मी आणतो. पन तुझी ती शर्यत मले पटली नाही ते नाहीच.

वैनगंगाकाठची

आधी कोरम तर भरू द्या.