पत्र्याचा डबा म्हणे!

नौपाडेकर : काल इथे एका गृहस्थांनी नव्या जर्मन सेदानचा फोटो टाकून खाली लिहिलं, "ज्यांच्याकडे अजून मारुती ८०० आहे त्यांनी तो पत्र्याचा डबा भंगारात द्यावा, ठाण्याचे रस्ते मोकळे होतील." रात्रभर डोक्यात होतं. माझी ८०० आहे २००४ ची. १५ वर्षांनी रीतसर रीपासिंग केलंय, पर्यावरण कर भरलाय. लांबी साडेतीन मीटरच्या आत, तुमची पावणेपाच. मग रस्ता कोण अडवतंय? शनिवारी संध्याकाळी गोखले रोडला या. मी गाडी लावून, वडापाव खाऊन परत निघेन तेव्हा तुम्ही पार्किंग शोधत तलावपाळीला तिसरी चक्कर मारत असाल.

घोडबंदरवासी : फोटो माझाच. नौपाड्यात राहून वडापावला गाडी काढता? चालत जा की! प्रश्न जिवाचा आहे. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. गायमुखच्या घाटात मागून कंटेनर आला तर साडेसहाशे किलोंचा अभिमान काय करणार? माझा मेव्हणा अशाच एका छोट्या गाडीत होता. आठ महिने वॉकर. मला यावर विनोद सुचत नाहीत.

वाशीकर : ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०१४ ला शून्य तारे मिळालेच होते की.

नौपाडेकर : ती ऑल्टो ८००! आमच्या ८०० चं उत्पादन तर त्याच जानेवारीत बंद झालं. आधी गाड्या ओळखायला शिका.

वाशीकर : म्हणजे तुमच्या ८०० ची चाचणीच नाही. वा, पास झालात.

कोपरीची काकू : पार्किंगचं निघालंच आहे म्हणून. आमच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांत एक ८०० आणि दोन स्कूटर सुखाने बसायच्या. आता बी विंगच्या साहेबांची लांबोडकी आलीय, तिचं बूड दीड फूट बाहेर. पाण्याचा टँकर वळत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवून सगळी बिल्डिंग उठवतो. सेक्रेटरी म्हणतो, ॲडजस्ट करा. मेंटेनन्स मात्र सगळ्यांना सारखा!

वाशीकर : काकू, आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायचं. वरच्या ट्रेला वजनाची मर्यादा, म्हणून मोठ्या गाडीवाल्यांना खालची जागा हक्काने हवी. माझी वर. ऑपरेटर जेवायला गेला की मी रिक्षाने.

घोडबंदरवासी : पार्किंगचा धागा वेगळा काढा ना.

कोपरीची काकू : का, झोंबलं? बी विंगचे तर नाही तुम्ही?

घोडबंदरवासी : अहो मी कोपरीत राहत नाही!!

नौपाडेकर : २६ जुलै २००५ ला माझी गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. ऑइल बदललं, प्लग पुसले, सीट गच्चीवर वाळत घातल्या. चौथ्या दिवशी चालू. वास मात्र दिवाळीपर्यंत होता.

घोडबंदरवासी : यावर गप्प बसतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या नुसत्या गालिच्याखाली पाणी गेलं. एस्टिमेट बघून बायको म्हणाली, यात जुनी ८०० आली असती. मी म्हटलं, दोन. तरी मुलांना एअरबॅगशिवाय बसवणार नाही.

नौपाडेकर : खरं सांगू? मुलीला मीही घाटात ८०० नेऊ देत नाही. तिला दुसरी घेऊन दिलीय. पण "पत्र्याचा डबा" मागे घ्या.

घोडबंदरवासी : डबा मागे घेतो. पत्रा राहू द्या.