मान-खांदे कायम आखडलेले, डॉक्टर म्हणतात 'स्ट्रेस कमी करा'. मसाज कुठला आणि कोणाकडून? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आधी शोधून पाहिलं, पण जुने धागे एकतर गुडघ्यांवर निघाले नाहीतर बाळंतिणीच्या मालिशवर. म्हणून नवीन काढते आहे. ठाण्यात राहते, वय ४७, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते.

त्रास असा की मान आणि दोन्ही खांदे, त्यातही उजवा, कायम ताठलेले. दाबलं तर आत गाठी लागतात. दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मागून ठणका सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत कपाळ आवळून धरल्यासारखं होतं. हातात मुंग्या नाहीत, पकड ठीक आहे, चक्कर नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. 'वयाप्रमाणे थोडी झीज, विशेष काही नाही.' बीपी, शुगर, थायरॉईड, बी-१२ सगळं झालं. डी कमी होतं, त्याचा कोर्स झाला. शेवटी दुखेल तेव्हा घ्यायची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मॅडम, स्ट्रेस कमी करा."

आता स्ट्रेस काय मीठ आहे का, उद्यापासून चिमूटभर कमी टाकायला?

घरी सासूबाईंना डिमेन्शिया आहे. पहाटे चार-साडेचारला उठतात, कपाटातल्या साड्या काढून पलंगावर मांडतात आणि मला हलवून विचारतात, "गाडी किती वाजताची आहे गं?" कुठली गाडी, ते त्यांनाही सांगता येत नाही. उत्तर दिलं की पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. नवरा करतो सगळं, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण त्याची नोकरी फिरतीची. दिवसा बाई असते. ती आली नाही की माझी रजा. आणि तिची दांडी नेमकी ११ किंवा २० तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या दिवशी. हल्ली लक्षात आलंय की फोन वाजला की माझा उजवा खांदा आपोआप कानाकडे चढतो आणि दात घट्ट मिटतात. फोन क्रेडिट कार्डवाल्याचा असला तरी.

मैत्रिणीच्या आग्रहाने एका स्पामध्ये गेले होते. मंद दिवे, पाण्याची खळखळ, सगळं छान. पाठीला तेल सुरेख लावलं, मानेला जेमतेम हात लागला. बाहेर पडताना दहा सेशनचं पॅकेज घ्या म्हणून इतके मागे लागले की काउंटरवरच मान परत धरली. मग आमच्या सोसायटीत बाळंतिणींना मालिश करायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांच्या अंगठ्याला ती गाठ बरोबर सापडते. दाबतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, पण त्या रात्री झोप अशी लागते की विचारू नका. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा मूळपदावर. मागच्या वेळी म्हणाल्या, "थांब, मान कट्ट करून मोडून देते." मी नको म्हटलं.

तर विचारायचं असं की मावशींनाच नेमाने बोलवावं, का फिजिओथेरपिस्ट गाठावा, का आयुर्वेदिक अभ्यंग करून घ्यावा? मानेसाठी तेल कुठलं? आणि दोन दिवसांच्या वर आराम टिकण्यासाठी कोणी काय केलंय? 'योगा करा' एवढंच लिहू नका प्लीज. कधी करू, तेही सांगा.

चहाटळ_पुणेकर: मावशींचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाकी चर्चा चालू द्या.

फिजिओ_नाशिक: मान मोडून घेतली नाहीत ते फार चांगलं केलंत. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात. झटका बसून त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. सलूनमध्ये दाढीनंतर 'कट्ट' करून घेणाऱ्या पुरुष मंडळींनीही हे वाचावं.

मसाजने गाठ फुटत नाही. दाबामुळे त्या भागाची वेदना थोडा वेळ दबते, ताठर स्नायू सैल होतो, झोप लागते. हा फायदा खरा आहे, पण थोडा काळ टिकणारा. तुम्हाला दोनच दिवस बरं वाटतं त्यात मावशींचा दोष नाही. टिकाऊ फरक हवा असेल तर त्या स्नायूंची ताकद वाढवावी लागते. डेन्मार्कमधला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला होता. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या लोकांना रबरी बँड धरून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा व्यायाम दिला होता, रोज फक्त दोन मिनिटं. दहा आठवड्यांत दुखणं स्पष्ट कमी झालं. आणखी एका गटाला बारा मिनिटं दिली होती, त्यांनाही फायदा झाला, पण दोन मिनिटंवाले फार मागे नव्हते. वेळ नसणाऱ्या माणसासाठी याहून चांगली बातमी माझ्याकडे नाही. बँड हलक्या ताणाचा घ्या आणि पहिल्यांदा कोणाकडून तरी बघून घ्या. जाल त्या फिजिओची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का ते बिनदिक्कत विचारा. आणि नुसतं मशीन लावून बसवत असतील, व्यायाम शिकवत नसतील, तर दुसरीकडे जा.

एक विचारायचं राहिलं. ती गोळी महिन्यातून किती दिवस घेता? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ चालल्या तर गोळीमुळेच डोकं दुखत राहू शकतं.

हातात मुंग्या, बोटांची पकड सैल होणं, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं तर मालिश थांबवून आधी डॉक्टर. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोरकस मालिश नको. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाहीच.

वैद्य_सातारा: अभ्यंगासाठी केंद्रातच जायला हवं असं नाही. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी अभ्यंग रोज करायला सांगितला आहे, आणि डोकं, कान, तळपाय यांना विशेष. अजीर्ण झालेलं असताना करू नये हेही तिथेच सांगितलं आहे. तुमच्यासाठी सोपं म्हणजे रविवारी सकाळी, नाश्त्याआधी, कोमट तीळतेल मान-खांद्यांना स्वतःच लावा, पंधरा-वीस मिनिटांनी गरम पाण्याने आंघोळ. दुखरा भाग असेल तर महानारायण तेल. पहिल्या वेळी मनगटाच्या आत थोडं लावून बघा, काहींना पुरळ येतं. तापात आणि भरल्या पोटी नको. इतर दिवशी रात्री तळपायांना काशाची वाटी, तूप लावून. झोपेसाठी उत्तम.

तर्कट: वाटीला विरोध नाही, माझी आईही करते. पण वाटी काळी पडते ती 'शरीरातली उष्णता खेचली' म्हणून, असं कृपया कोणी लिहू नका. काशात तांबं असतं. तूप-तेलातल्या आणि घामातल्या आम्लांशी त्याची क्रिया होते.

वैद्य_सातारा: मी तसं कुठे लिहिलंय? झोप लागते एवढंच म्हटलं.

जळगावची_सून: ताई, मी सासऱ्यांचं सहा वर्षं केलं, म्हणून लिहिते. मालिश करून घ्याच, पण पहाटेचं जे आहे त्याला आधी हात घाला. आमच्याकडे 'मला घरी सोडा' चालायचं, घरातच बसून. खरं काय ते समजावून सांगण्यात मी पहिलं वर्ष घालवलं. त्याने ते जास्त चिडायचे आणि माझं डोकं उठायचं. नंतर एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की प्रश्नाला उत्तर देऊ नका, त्यामागच्या भीतीला द्या. तुमच्याकडे "गाडीला उशीर आहे, तोवर चहा घेऊ" म्हणून बघा. साड्यांच्या घड्या घालायला द्या, हाताला काम मिळालं की बरंच निवळतं. दुपारची झोप किती होते ते बाईंना विचारा. दोन-तीन तास झोपवून ठेवत असतील तर पहाट अशीच उगवणार. आणि पहाटेचं जागणं एकदम वाढलं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या, म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्गाने असा गोंधळ वाढतो.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच विषयात काम करते, घरच्यांसाठी मदतगट असतात, तुमच्या भागात काय आहे ते विचारा. अगदीच भरून आलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी केला होता. अर्धा तास नुसती रडले, त्यांनी ऐकून घेतलं.

चहाटळ_पुणेकर: वरचा प्रतिसाद वाचून गंमत करायची इच्छा गेली. +१.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फिजिओ_नाशिक, गोळीचा हिशेब कधी ठेवलाच नव्हता. पाकिटं बघितली, महिन्यातले निम्मे दिवस तरी होतात. डॉक्टरांना फोन केलाय, मनाने बंद करत नाही. स्टेशनजवळच्या एका फिजिओबाईंची शनिवारची वेळ मिळाली आहे, बँडबद्दल त्यांनाच विचारते. मावशी पंधरा दिवसांतून एकदा येतील. त्यांना सांगितलं की मानेला झटका द्यायचा नाही. त्या जरा रागावल्या.

जळगावची_सून, आज पहाटे चहाचं करून बघितलं. चहा घेता घेता त्यांनी मला, गाडी सुटेल म्हणून, दोन बिस्किटं पदरात बांधून दिली. नंतर स्वतःच जाऊन आडव्या झाल्या. दुपारच्या झोपेबद्दल बाईंना विचारलं तर त्यांनी विषय बदलला, त्यावरून काय ते कळलं. लघवीची तपासणीही करून घेते.

आता पुढचा प्रश्न. आठवड्यातून निदान दोन रात्री सलग झोप मिळावी म्हणून रात्रपाळीची बाई ठेवायचा विचार आहे. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कोणी ठेवली आहे का? ब्यूरोतून घेतली का ओळखीतून, आणि रात्रीचा दर काय चाललाय? इथे नको असेल तर व्यनि करा.