पीएचपी : आर्ग्युमेंटचा क्रम कसा सांभाळता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार फंक्शनांमध्ये आर्ग्युमेंटचा (फंक्शनला द्यायच्या मूल्यांचा) क्रम सारखा नाही, आणि त्यापायी माझे दोन दिवस गेले.

इन_ॲरे (ॲरेत, म्हणजे यादीत, मूल्य शोधणारं फंक्शन) मध्ये काय शोधायचं ते आधी, कुठे शोधायचं ते नंतर. स्ट्रपॉस (स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, दुसरी स्ट्रिंग शोधणारं) मध्ये नेमकं उलट. ॲरे_मॅप ला कॉलबॅक (प्रत्येक घटकावर चालवायचं फंक्शन) आधी लागतो, ॲरे_फिल्टर ला ॲरे आधी. इन_ॲरे मध्ये उलटापालट झाली तर निदान पीएचपी ८ टाइपएरर (मूल्याचा प्रकार चुकल्याची एरर) देऊन थांबवतं. स्ट्रपॉस चं तसं नाही! दोन्ही स्ट्रिंगच, त्यामुळे एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप फॉल्स (म्हणजे ‘सापडलं नाही’) येतो. माझी चूक तिथेच लपली होती. (ॲरे जोडून एक स्ट्रिंग करणारं इम्प्लोड तर पूर्वी दोन्ही क्रम चालवून घ्यायचं, ८.० पासून ते बंद झालं, हे चांगलंच झालं.)

८.० पासून आर्ग्युमेंट नावानिशी देता येतात हे माहीत आहे. पण कोड जुना आहे, शेकडो ठिकाणी हे कॉल आहेत, आणि काही सर्व्हर अजून ७.४ वर आहेत. तिथे ते चालणार नाही.

मग या फंक्शनांभोवती एकाच क्रमाची स्वतःची रॅपर फंक्शनं लिहावीत का? की दोन्ही स्ट्रिंग असतानाही उलटा क्रम पकडणारा एखादा लिंटरचा (कोड न चालवता चुका शोधणाऱ्या साधनाचा) नियम कुणी वापरलाय? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.