मदत हवी आहे: सड्यावर फील्डवर्क आणि फुरशाची भीती

गेंदफूल

नमस्कार मंडळी. विषय सापांच्या भीतीचा आहे. "साप शेतकऱ्याचा मित्र", "आपण त्याला घाबरतो त्याहून जास्त तो आपल्याला घाबरतो" हे सगळं मला पाठ आहे, त्यामुळे ते सोडून काही सुचत असेल तर सांगा. आणि हात जोडून विनंती, फोटो टाकू नका.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय. प्रकल्पासाठी राजापूरकडचे कातळसडे, म्हणजे कोकणातली जांभ्या दगडाची उघडी पठारं, घेतलीत. पहिल्या पावसाबरोबर सड्यावर दीपकाडी फुलते, मग गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू असं एकामागून एक उगवत जातं, त्याच्या नोंदी करायच्या. काम म्हणजे मीटरभर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर टाकायची, गुडघे टेकून बसायचं आणि आतलं एकेक रोप बोटांनी बाजूला करत मोजायचं. तोंड जमिनीपासून हातभरसुद्धा लांब नसतं. आणि त्याच सड्यांवर फुरशी, लहानसे पण विषारी साप.

मागे मॅडमबरोबर जागा बघायला गेलो होतो तेव्हा बरोबरच्या गावकऱ्यांनी काठीने चिऱ्याचा एक तुकडा उलथला. खाली फुरसं. जेमतेम फूटभर, मातकट, डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. पळून जायचं सोडून ते तिथेच अंगाची वेटोळी एकमेकांवर घासायला लागलं आणि करकर आवाज सुरू झाला, पॉलिश पेपरवर पॉलिश पेपर घासावा तसा. बाकीचे सगळे मोबाइल काढून पुढे सरकले. मला पाय आहेत हेच कळेना. घसा कोरडा, हाताला मुंग्या. त्यानंतर मी वही धरून उभी राहिले आणि चौकटी इतरांनी टाकल्या.

लहानपणी काही वाईट घडलेलं नाही. पण शाळेच्या पुस्तकातलं सापाचं पान मी स्टेपल करून ठेवायचे आणि टीव्हीवर साप आला की घरचे आपणहून चॅनल बदलायचे, हे आठवतंय.

जूनपर्यंत ही भीती इतपत उतरवता येईल का, की मी गुडघ्यांवर बसून काम करू शकेन? आणि सड्यावर जे खरोखर वावरतात ते काय काळजी घेतात? "विषय बदल" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

भटका_जोशी

नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्यामुळेच. तू पुण्यातच आहेस, एका रविवारी जाऊन ये. भीती मोडते.

गेंदफूल

त्यांच्याबद्दल वाचलंय. वाचून आदर वाटला आणि रात्री झोप आली नाही.

शुभंकर_पाटील७

आमच्या आजोबांचा उपाय. सर्पगंधेची मुळी खिशात ठेवायची आणि बुटांना फिनेल लावायचं. जनावर जवळ फिरकत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

गेंदफूल

दादा, सर्पगंधा आमच्या अभ्यासाला आहे. तिच्या मुळातून रेसर्पिन मिळतं, ते रक्तदाबाचं औषध. फुरसं करकरायला लागल्यावर माझा रक्तदाब खाली आणायला कदाचित उपयोगी पडेल, सापाला त्याचं काही वाटणार नाही. फिनेलने साप पळतात याला आधार मिळालेला नाही, आणि जिथे मी दवबिंदू मोजणार तिथे फिनेल नेलं तर मॅडम मलाच सड्यावरून पळवतील.

मनमोकळी

मी समुपदेशक आहे, फोबिया असलेली माणसं माझ्याकडे येतात. एका ठरावीक प्राण्याची भीती ही मानसोपचारात लवकर दाद देणाऱ्या तक्रारींपैकी आहे, तेव्हा जूनपर्यंतची मुदत अशक्य नाही.

माहिती पाठ असूनही भीती जात नाही, यात तुझं काही चुकत नाहीये. तुझे पाय गोठवणाऱ्या यंत्रणेला माहिती वाचता येत नाही. "साप समोर होता, मी तिथेच थांबले, धडधड आपोआप उतरली" हा अनुभव मात्र तिला कळतो, आणि तोच तुला कधी मिळालेला नाही. पान स्टेपल केलं, चॅनल बदलला, वही धरून लांब राहिलीस. दरवेळी सुटका झाली आणि सुटका झाल्यामुळे बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानेच भीती पक्की होत जाते.

म्हणून शिडी करायची. पहिली पायरी स्वतः पेन्सिलने काढलेला साप. मग वाळ्याचा फोटो, तो गांडुळाएवढाच असतो. मग धामणीचा, आणि धामण जमली की फुरशाचा. त्यानंतर आवाज बंद ठेवून व्हिडिओ, मग आवाजासकट. तुझ्या बाबतीत ही आवाजाची पायरी घाईने ओलांडू नकोस, तू करकर शब्द ज्या तऱ्हेने लिहिलायस त्यावरून सांगते. दर पायरीवर भीतीला ० ते १० पैकी गुण द्यायचे. आकडा ८ वर गेला तरी नजर काढायची नाही, निदान निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. कधी पाच मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. तीच पायरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. कंटाळा यायला लागला की वरची. कात्रज त्यानंतर, काचेपलीकडे. थेट तिथे नेऊन उभं करणं मला पटत नाही, जोशींची माफी मागून.

चक्कर येऊन पडेन ही धास्ती बहुतेकांना असते. रक्त किंवा सुई बघून जी माणसं कोसळतात त्यांचा रक्तदाब एकदम खाली येतो. प्राण्याच्या भीतीत तो उलट चढतो, त्यामुळे पडण्याची शक्यता फार कमी असते. त्रास होतो तो धडधडीचा, आणि ती सोसवते.

साप हातात घेण्याचं ध्येय ठेवू नकोस. तुझ्या कामाला ते लागतही नाही. फुरसं दिसलं तर न किंचाळता दोन पावलं मागे येऊन बरोबरच्यांना सांगता यावं, एवढंच लागतं. थोडी भीती उरली तर उरू दे, सड्यावर ती कामाचीच आहे. झोप-जेवण बिघडायला लागलं तर मात्र एकटीने न करता कुणा तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेट.

कातळवेडी

मी कातळशिल्पांच्या नोंदणीत हिंडते, म्हणजे तुझ्यासारखीच जमिनीला नाक लावून. सड्यापुरतं सांगते.

"पाय आपटत चाला, साप पळतात" हे धामणीला लागू आहे, बहुतेक वेळा नागालाही. फुरशाचा सगळा भरवसा रंगावर असतो. ते जांभ्यात मिसळून जागच्या जागी बसून राहतं. म्हणून काठी आपटायला न्यायची नसते, चाचपायला न्यायची. चौकट टाकायच्या आधी तेवढ्या जागेतला गवताचा प्रत्येक झुबका काठीने बाजूला करून बघायचा. सुटा दगड हलवायचाच असेल तर पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलती करायची. खाली कुणी असेल तर वाट त्या बाजूला उघडते आणि मधे दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसाच ठेव, त्याखाली इतरांचेही संसार असतात. हे सगळं होईपर्यंत गुडघे टेकायचे नाहीत.

नजर नुसती पायाखाली ठेवून भागत नाही. पावसाची झोड लागली की फुरसं ओल्या जमिनीवरून झुबक्यावर किंवा करवंदीच्या जाळीत चढून बसतं, पार गुडघ्याच्या उंचीला. कुठे आधाराला हात घालण्याआधी बघायचं. डबा खायला पोरंपोरी नेमकी गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या बांधावर, बसतात. तिथे अजिबात बसायचं नाही, हातही टेकायचा नाही. काम उजेडातच. उशीर होणार असेल तर बॅटरी जवळ हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

आणि एक गोष्ट, जी तुला गाइड सांगणार नाहीत. लघवीला झुडपाचा आडोसा शोधू नकोस. मोकळा कातळ बघायचा आणि सोबतिणीला छत्री उघडून उभं करायचं. आम्ही सगळ्या असंच करतो.

सडेकर_आबा

कातळवेडीने बरोबर सांगितलंन. माझं घर सड्याच्या काठाला, आयुष्य हापूसच्या बागेत गेलं. इंग्रज सरकारने रत्नागिरीत फुरसं मारून आणणाऱ्याला पैसे दिले, तरी संपली नाहीत. आता संपवायचा विचारही करायचा नाही, कायदा आहे. दिसलं की बाजूने जायचं. ते मागे लागत नाही.

बाय, तुला भीती वाटते यात लाजण्यासारखं काही नाही हां. आमच्या गड्यांपैकी एक जण घरात जनावर निघालं तर माळ्यावर चढून बसतो आणि सकाळी तोच सड्यावर गवत कापतो.

आकडेवाला

भीती अनाठायी आहे असं कुणी म्हणू नये. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध झालाय, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

डॉक्टर_तालुक्याचा

आकडा बरोबर आहे, पण या मुलीच्या कामाशी तो लावायचा तर मरतं कोण हेही सांगायला हवं. बहुतांश मृत्यू खेड्यापाड्यांत. अनवाणी शेतात जाणारी, जमिनीवर झोपणारी माणसं, आणि ज्यांचा दंशानंतरचा वेळ मांत्रिकाकडे किंवा गाडी शोधण्यात गेला ती. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, खूण शोधून सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि मग पापण्या जड व्हायला लागतात. गमबूट घालून दिवसा काम करणारी, सोबत गाडी असलेली विद्यार्थिनी या गर्दीत बसत नाही.

फुरशाचं विष रक्तावर जातं. दंशाच्या जागी सूज, वेदना, मग रक्त गोठायची शक्ती कमी होत जाते. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त येऊ शकतं, आणि ते लगेच होईल असं नाही, काही तासांनीही दिसतं. म्हणून "सूजच आहे, बघू संध्याकाळपर्यंत" हे करायचं नाही. आम्ही थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग नळी कलती करून गोठलं का ते बघतो. पहिल्यांदा गोठलं तरी तपासणी पुन्हा पुन्हा करतो.

चावलंच तर अंगठी, घड्याळ, पैंजण आधी काढायचं, सूज चढल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय फळी, काठी, छत्री जे असेल त्याला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. आवळून दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. अंगदुखीची गोळी म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नकोस, रक्तस्राव वाढतो. चावल्याची वेळ लिहून ठेवायची. १०८ ला फोन, पण बरोबर गाडी असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नये.

साप ओळखता आला नाही तरी चालतं. आपल्याकडची विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. तेव्हा मारून पिशवीतून आणू नका, माझ्या टेबलावर अर्धमेला साप ठेवलेला आहे तो प्रसंग मला पुन्हा नको. काम सुरू करण्याआधी त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारून ठेवा: लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का. सड्यावर रेंज कुठे येते तेही.

जाता जाता. दगडाखाली लाल विंचूही असतो. एकेकाळी कोकणात त्याच्या दंशाने पुष्कळ माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली तेव्हापासून चित्र पालटलं.

गेंदफूल

डॉक्टर, मनापासून आभार. विंचवाचा विचार मी आजपर्यंत केलाच नव्हता, त्याबद्दलही आभार.

मनमोकळी ताई, पेन्सिलचा साप काढला. गुण ३. मग वाळ्याचा फोटो उघडला, ६ वर गेला, बराच वेळ बघत बसल्यावर २ वर आला आणि मी चक्क त्याची शेपटी कुठली नि डोकं कुठलं हे शोधायला लागले. सापडलं नाही. धामणीला मात्र ९, आणि मी टॅब बंद केला. आता काय?

मनमोकळी

मधली पायरी राहिली, एवढंच. धामणीचा फोटो अगदी छोटा करून, काळापांढरा बघ. किंवा नुसत्या खवल्यांचा जवळून घेतलेला फोटो घे आणि वनस्पतीचं पान बघतेस तसं वर्णन लिही: रंग, कडा, मांडणी. नोंदी करायची सवय आहेच तुला, ती वापर. टॅब ९ वर बंद केलास, तर आज झोपायच्या आधी एकदा सोप्या पायरीवर परत जा आणि तिथे आकडा उतरल्यावरच थांब.

कातळवेडी

आणि पहिल्या दिवशी चौकट स्वतः टाकू नकोस असं मी सुचवेन. नुसती काठीने जागा चाचपायचं काम तुझ्याकडे घे, उभ्याने. चौकटी बाकीच्यांना टाकू दे. काठी तुझ्या हातात असली की वही धरून लांब उभं राहण्यापेक्षा बरं वाटतं, स्वानुभव आहे. दोनचार चौकटी रिकाम्या निघाल्या की आपसूक खाली बसशील.

गेंदफूल

हे जमेल असं वाटतंय. मॅडमना आजच विचारते. आबा, गमबूट पाच नंबरचे राजापुरात मिळतील का? आणि ओल्या कातळावर ते घसरत नाहीत ना?

सडेकर_आबा

कातळ खरबरीत असतो, तिथे नाही घसरत. पाणी वाहतं तिथे शेवाळ धरतं, तिथे सांभाळायचं. पाच नंबर इथे मिळायचा नाही, पुण्याहूनच आण. आणि जाड मोजे दोन जोड घे, एक वाळत घालायला.